अंगठी कोणाच्या बोटात?

शास्त्रपाठ : १ करिंथ ९:२४-२७, इब्री ११:३२-४०, लूक १५:११-३२



गेल्या उन्हाळ्यात मी सिकंदराबादला माझ्या बहिणीच्या घरी काही दिवस राहावयास गेलो होतो. तिचा मुलगा महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात खेळतो. मी पोहोचलो त्याच्या आदल्याच दिवशी त्यांचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दोन गुणांनी पराभूत झाला होता. उपविजेत्यांना मिळालेले पदक त्याने कोणाला दाखविले नाही. ते कपाटाच्या खणात, जुन्या वह्यांच्या खाली गेले. रविवारी उपासनेला चलण्याविषयी मी म्हटले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, मंडळीत सगळे विचारतील. हरलो असे किती जणांना सांगू?" मी म्हटले, "अरे, अंतिम सामन्यापर्यंत गेलात, हे काय थोडे झाले?" त्यावर त्याने जे उत्तर दिले ते माझ्या मनात रुतून बसले. तो म्हणाला, "मामा, अमेरिकेत जिंकणाऱ्यांना अंगठी देतात. ज्याच्या बोटात अंगठी नाही, त्याचे बाकी कोणी काही मोजत नाही."

भाचा सांगत होता ते खरे आहे. अमेरिकेतील एन.बी.ए. ह्या व्यावसायिक स्पर्धेत अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघातील प्रत्येक खेळाडूस एक अंगठी दिली जाते, आणि कोणता खेळाडू थोर हे ठरविताना रसिक त्याच्या अंगठ्या मोजतात. ह्या मोजणीचा विचार आज आपण करू या. हा प्रश्न केवळ खेळापुरता असता तर धर्मविषयक मासिकाची पाने मी त्यासाठी अडविली नसती. परंतु तोच गज घेऊन आपण आपली मुले मोजतो, आपले पाळक मोजतो, आणि रात्री दिवा मालविल्यावर स्वतःसही मोजतो.

प्रथम ह्या खेळाच्या जन्माकडे पाहू. बास्केटबॉल हा खेळ एका ख्रिस्ती शिक्षकाने निर्माण केला. १८९१ च्या डिसेंबरात, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ हे तरुण शिक्षक होते. कॅनडात जन्मलेल्या ह्या मनुष्याचे आईवडील तो नऊ वर्षांचा असताना वारले होते. त्याने धर्मशास्त्राचे शिक्षण पूर्ण केले होते आणि पुढे त्यास पाळकपदाची दीक्षाही मिळाली. हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता येईल, पण ज्यात धक्काबुक्कीस वाव राहणार नाही, असा खेळ शोधण्याचे काम त्याच्याकडे आले. त्याने सज्जाच्या कठड्याला दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहून काढले आणि अठरा विद्यार्थ्यांना खेळावयास लावले. टोपली उंच ठेवण्यामागे हेतू असा की, जोराने फेकण्यापेक्षा नेम साधण्यास महत्त्व यावे. वाय.एम.सी.ए.च्याच मार्गाने हा खेळ जगभर पसरला व आपल्या भारतातही आला.

हेच नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. तेथे त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. त्या विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून पुढे अनेक नामांकित लोक आले. परंतु विजयांपेक्षा पराभव अधिक, असा हिशेब एकट्या नेस्मिथ ह्यांच्याच नावापुढे आहे. वाचकहो, क्षणभर येथे थांबा. ज्याने हा खेळ जगाला दिला, त्याच्या हिशेबात पराभव अधिक! अंगठ्या मोजणाऱ्या गजाने खेळाच्या जनकासच मोजावयाचे ठरविले, तर तो जनक अनुत्तीर्ण ठरतो. मग दोष जनकात आहे की गजात?

तरीही आपण घाईने निर्णय करू नये. अजिंक्यपदाच्या बाजूनेही एक सबळ युक्तिवाद आहे, आणि तो ऐकून घेणे न्यायाचे होईल. १९६० च्या दशकात अमेरिकेत दोन महान खेळाडू एकमेकांसमोर उभे असत, विल्ट चेंबरलेन आणि बिल रसेल. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी गावी चेंबरलेन ह्यांनी एकट्याने एका सामन्यात १०० गुण केले. त्या संपूर्ण हंगामात त्यांची सरासरी प्रत्येक सामन्यात ५० गुणांहून अधिक होती. रसेल ह्यांच्या नावावर असे डोळे दिपविणारे आकडे नाहीत. ते बचाव करीत, चेंडू अडवीत, सोबत्यास संधी मिळवून देत. परंतु त्यांच्या १३ हंगामांत बॉस्टन सेल्टिक्स ह्या त्यांच्या संघाने ११ वेळा अजिंक्यपद मिळविले. त्यांतील शेवटची दोन, म्हणजे १९६८ व १९६९ ची, रसेल स्वतः संघाचे प्रशिक्षकही असताना. चेंबरलेन ह्यांना अशी दोनच अजिंक्यपदे लाभली, १९६७ व १९७२ साली.

म्हणून अंगठ्या मोजणारे म्हणतात, "एकट्याच्या पराक्रमाला काय करावयाचे? ज्याच्यामुळे सारा संघ उंचावतो तोच थोर." ह्या म्हणण्यात सत्य आहे, आणि ते शुभवर्तमानाच्या जवळचे सत्य आहे. जब्दीच्या पुत्रांनी प्रभूच्या उजव्या व डाव्या हाताच्या जागा मागितल्या, तेव्हा प्रभूने त्यांस शिकविले की, मोठा होऊ इच्छिणाऱ्याने इतरांचा सेवक व्हावे. स्वतःचे आकडे बाजूला ठेवून सोबत्यांसाठी खेळणारा खेळाडू, त्यास ठाऊक असो वा नसो, त्या शिकवणीची एक अस्फुट छाया आपल्याला दाखवितो. तेव्हा अजिंक्यपदाला काहीच अर्थ नाही असे म्हणून आपण सुटू शकत नाही. तसे केल्यास संघाऐवजी एकेकट्याच्या आकड्यांची मूर्तिपूजा आपल्या हाती उरेल.

परंतु आता ह्याच युक्तिवादाची दुसरी बाजू पाहा. अजिंक्यपद जर साऱ्या संघाचे, तर ते एका मनुष्याचे माप कसे होईल? रसेल ह्यांच्याबरोबर खेळणारे सॅम जोन्स ह्यांना दहा अंगठ्या मिळाल्या, मायकेल जॉर्डन ह्यांना सहा. तरी जगात दहा जणांना विचारा, जोन्स हे नाव किती जणांस ठाऊक आहे? रॉबर्ट हॉरी ह्या खेळाडूने तीन निरनिराळ्या संघांकडून अजिंक्यपदे मिळविली व ते सात अंगठ्या घेऊन निवृत्त झाले. कसोटीच्या क्षणी नेम साधणारा उपयुक्त खेळाडू म्हणून त्यांचा मान आहेच. पण ते जॉर्डन ह्यांच्यापेक्षा थोर, असे कोणी म्हणत नाही. म्हणजे गज वापरणाऱ्यांचाही त्या गजावर पुरता विश्वास नाही. आपल्या आवडत्या खेळाडूस उंच दाखवावयाचे असते तेव्हा तो बाहेर काढतात, आणि अडचणीचे उत्तर आले की गुंडाळून ठेवतात. नीतिसूत्रांच्या पुस्तकात खोट्या तागडीचा परमेश्वरास वीट येतो असे सांगितले आहे. हीदेखील एक खोटी तागडीच होय.

शिवाय जॉर्डन ह्यांच्याकडेच पाहा. ते १९८४ पासून व्यावसायिक संघात खेळू लागले आणि त्यांचे पहिले अजिंक्यपद १९९१ चे. मधल्या वर्षांत लोक म्हणत की, हा गुण पुष्कळ करतो, पण संघाला जिंकवू शकत नाही. तो मनुष्य तोच होता. त्याचे परिश्रम तेच होते. जून १९९१ च्या एका रात्री अंगठी आली, आणि मागील सात वर्षांचा अर्थच लोकांनी बदलून टाकला.

ह्या बाबतीत मला सर्वांत अधिक विचार करावयास लावणारे चरित्र एल्जिन बेलर ह्यांचे आहे. १९५८ साली ते लेकर्स ह्या संघात आले. हा संघ तेव्हा मिनिआपोलिस नगराचा होता, १९६० साली तो लॉस एंजेलिसला गेला. बेलर ह्यांच्या काळात त्यांचा संघ आठ वेळा अंतिम मालिकेत पोहोचला आणि आठही वेळा हरला. सात वेळा बॉस्टनकडून, एकदा न्यूयॉर्ककडून. १९६१-६२ च्या हंगामात ते सैन्याच्या राखीव दलात सेवा करीत होते व रजा मिळेल तेव्हाच येऊन खेळत. त्याच वर्षीच्या अंतिम मालिकेतील पाचव्या सामन्यात त्यांनी ६१ गुण केले. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. शेवटच्या क्षणांत दोन्ही संघांचे गुण समसमान होते. बेलर ह्यांचे सोबती फ्रँक सेल्व्ही ह्यांनी चेंडू टाकला. तो आत गेला असता तर लेकर्स अजिंक्य ठरले असते. चेंडू लोखंडी कड्याला लागला आणि बाहेर पडला. अतिरिक्त वेळेत बॉस्टनचा जय झाला.

मी तुम्हांस विचारतो, दुसऱ्या मनुष्याच्या हातून सुटलेला चेंडू कड्याच्या आत पडतो की बाहेर, ह्यावर एल्जिन बेलर थोर की सामान्य हे ठरावे काय?

अजून पुढे ऐका. गुडघ्याच्या दुखापतींनी जर्जर झाल्यामुळे बेलर ह्यांनी १९७१-७२ च्या हंगामातील अवघ्या नऊ सामन्यांनंतर, नोव्हेंबर १९७१ मध्ये, निवृत्ती पत्करली. त्यानंतरच्या लगेचच्या सामन्यापासून लेकर्स संघ जिंकू लागला आणि ओळीने ३३ सामने जिंकत गेला. त्या हंगामाच्या अखेरीस, म्हणजे १९७२ साली, संघाने अजिंक्यपद मिळविले. ज्यासाठी ते तेरा वर्षे झटले, ते त्यांनी मैदान सोडल्यावर काही महिन्यांतच इतरांच्या हाती आले.

बायबलच्या वाचकास येथे नबो डोंगराची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. मोशे डोंगराच्या माथ्यावर उभा आहे. समोर वचनदत्त देश पसरलेला आहे. चाळीस वर्षे ज्यांना वागविले ते लोक पायथ्याशी आहेत. आणि यार्देन ओलांडण्याचे भाग्य यहोशवाचे आहे. मोशेच्या बाबतीत त्याचे स्वतःचे उल्लंघन त्यास कारण झाले, हा भेद आपण विसरू नये. परंतु अनुवादाच्या चौतिसाव्या अध्यायात मोशेचे माप कसे घेतले आहे, हे पाहण्यासारखे आहे. त्याने किती देश जिंकला हे तेथे विचारलेले नाही. परमेश्वराशी त्याची समोरासमोर ओळख होती, म्हणून त्याच्यासारखा संदेष्टा पुन्हा झाला नाही, असा त्या लेखाचा आशय आहे.

बेलर ह्यांच्या चरित्रातील आणखी एक प्रसंग कोणत्याही गुणफलकावर सापडत नाही. जानेवारी १९५९ मध्ये, त्यांच्या पहिल्याच हंगामात, संघ वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्सटन येथे सामन्यासाठी गेला. तेथील हॉटेलाने कृष्णवर्णीय खेळाडूंना खोल्या देण्याचे नाकारले. बेलर त्या दिवशी खेळले नाहीत. नवशिका खेळाडू, नवी नोकरी. तरीही त्यांनी मनुष्याचा मान खेळापेक्षा वर ठेवला. लेकर्स तो सामना हरले. हिशेबाच्या वहीत तो एक पराभव आहे. देवाच्या वहीत तो कोणत्या रकान्यात असेल, हे तुम्हीच ठरवा.

आणि ज्यांच्याकडे अकरा अजिंक्यपदे होती, त्या बिल रसेल ह्यांचे काय? ते राहत त्या गावी, बॉस्टनजवळ, लोकांनी त्यांच्या घरात शिरून नासधूस केली व भिंतींवर त्यांच्या वर्णावरून अपशब्द लिहिले. अकरा अंगठ्यांनी त्यांना शेजाऱ्यांचा साधा आदरही मिळवून दिला नाही. अजिंक्यपद नसलेल्याचे माप त्याने होत नाही. आणि असलेल्यासही ते फार काही देऊ शकत नाही.

आता मी माझ्या कामाकडे, म्हणजे शब्दांकडे, वळतो. मराठी वर्तमानपत्रे ज्यास 'अजिंक्यपद' म्हणतात तो शब्दच पाहा. अजिंक्य म्हणजे ज्यास जिंकता येत नाही असा. परंतु दरवर्षी नवा अजिंक्य निर्माण होतो, कारण गतवर्षीचा अजिंक्य जिंकला गेलेला असतो! ह्या उलट 'गौरव' हा शब्द घ्या. 'गुरु' म्हणजे जड, त्यापासून गौरव. म्हणजे भारदस्तपणा, वजन. नवल असे की, जुन्या करारात ज्याचे भाषांतर आपण 'गौरव' करतो तो इब्री शब्द 'काबोद', त्याच्याही धातूचा अर्थ जड असणे हाच आहे. दोन दूरच्या भाषांनी एकच गोष्ट ओळखली : मनुष्याचे मोठेपण म्हणजे त्याच्या ठायी असलेले वजन. आणि वजन पाहावयास तागडी लागते. बोटातील दागिने मोजून ते कळत नाही.

पौलाने करिंथच्या मंडळीस शर्यतीचा दाखला दिला तो सहज नव्हे. करिंथ नगराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरत. तेथे दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकास स्थान नव्हते. एकच जिंकणारा, बाकी सारे हरलेले. आणि त्या एकाला मिळे तो 'स्तेफानोस', म्हणजे मुगुट, पाइन वृक्षाच्या डहाळ्यांचा असे, आणि सेलरी नावाच्या भाजीच्या सुकलेल्या पानांचा मुगुटही तेथे देत असत. भाजीच्या पानांसाठी मनुष्य इतका देह झिजवितो, तर न कोमेजणाऱ्या मुगुटासाठी आपण किती झटावे, असा पौलाचा रोख आहे. येथे पौल आळसाला आश्रय देत नाही, हे माझ्या तरुण वाचकांनी लक्षात घ्यावे. जिंकावयाचेच अशा निर्धाराने धावा, असे तो म्हणतो. पराभव पूज्य नाही. अर्ध्या मनाने खेळून हरलेल्यास पौलाच्या पत्रात सांत्वन नाही.

परंतु तोच 'स्तेफानोस' शब्द तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पुन्हा येतो, आणि तेथे एक क्रांती घडते. वृद्ध पौल तुरुंगात आहे. तो आपल्या धावेविषयी बोलतो, पण आपण जिंकलो असे म्हणत नाही. तेथील मूळ क्रियापदाचा अर्थ पूर्ण करणे, शेवटास नेणे असा आहे. आणि मुगुट? तो नीतिमान न्यायाधीशाच्या हाती राखलेला आहे, आणि तो एकट्या पौलासाठी नसून प्रभूच्या प्रकट होण्याची प्रीतीने वाट पाहणाऱ्या सर्वांसाठी आहे. करिंथच्या मैदानात एकास मुगुट मिळाला की इतरांचा गेला. प्रभूच्या मैदानात एकाचा मुगुट दुसऱ्याच्या मस्तकावरून काढून घेतलेला नसतो.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय तर अंगठ्या मोजणाऱ्यांना निरुत्तर करणारा आहे. तेथे विश्वासवीरांची यादी आहे. प्रथम जिंकणारे येतात : राज्ये पादाक्रांत करणारे, सिंहांची तोंडे बंद करणारे. आणि मग, नवा परिच्छेद न पाडता, हरलेले येतात : छळलेले, दगडमार झालेले, करवतीने चिरलेले, मेंढरांची कातडी पांघरून रानोमाळ भटकलेले. लेखक दोघांना एकाच माळेत ओवतो, कारण दोघांचा विश्वास एक होता. फळ मात्र निराळे आले. आणि शेवटी तो म्हणतो की, ह्या सर्वांविषयी उत्तम साक्ष असताही त्यांना वचनाची पूर्तता पाहावयास मिळाली नाही. आपल्यावाचून ते पूर्ण व्हावयाचे नव्हते. १९७२ साली जिंकलेल्या लेकर्स संघाने बेलर ह्यांनाही अंगठी दिली. संघाने जाणले की, ह्या इमारतीचा पाया कोणी घातला. जगातील एका संघाला हे समजते, तर ख्रिस्ताच्या शरीरास समजू नये काय?

भाषांतरकारांच्या घराण्यातही असे नबो डोंगर आहेत. पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्यासाठी आपल्या आयुष्याची शेवटची अनेक वर्षे वेचली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली छापून बाहेर आला. तो हाती घेण्याचे सुख त्यांस लाभले नाही, आणि आपल्या मंडळ्यांतून उपासनेत वाचले जाते ते भाषांतरही त्यांचे नव्हे. ह्या श्रमांना पराभव म्हणण्याचे धाडस कोण करील?

आता एक कबुलीही द्यावयास हवी. भाच्याला उपदेश करणारा हा मामा स्वतः काही निर्लेप नाही. मी ज्या लहानशा आदिवासी भाषेतील नव्या कराराच्या कामात साहाय्य करतो, ते काम अठरा वर्षे चालू आहे आणि अजून छापलेले नाही. दरवर्षी एक तक्ता भरून पाठवावा लागतो. त्यात एक रकाना असतो : ह्या वर्षी पूर्ण झालेली पुस्तके. कित्येक वर्षे मी तेथे शून्य लिहिले आहे. ते लिहिताना हात जड होतो. माझ्याबरोबर शिकलेल्यांची नावे पूर्ण झालेल्या ग्रंथांवर छापलेली पाहिली की मनात जे येते, त्यास मत्सर ह्याखेरीज दुसरा शब्द कोणत्याही भाषेत मला सापडलेला नाही.

त्या कामातील माझे ज्येष्ठ सहकारी, ज्यांस आम्ही गुरुजी म्हणत असू, तीन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले. आम्ही एकत्र बसून तपासलेला अखेरचा भाग होता लूकाचा पंधरावा अध्याय. बाप चाकरांस आज्ञा करतो, उत्तम झगा आणा, ह्याच्या बोटात अंगठी घाला, ह्या ठिकाणी गुरुजी थांबले. त्यांनी चष्मा काढला व विचारले, "साहेब, बापाने आधी हिशेब का नाही मागितला?"

तेव्हा मला उत्तर सुचले नाही. आज मला वाटते, संपूर्ण शुभवर्तमान त्या प्रश्नात आहे. ह्या मुलापाशी दाखवावयास काय होते? सारी मालमत्ता उधळलेली, डुकरांचा वास अंगाला आलेला, पाठ केलेली क्षमायाचनाही अर्धीच बोलून झालेली. जगातील प्रत्येक अंगठी स्पर्धा संपल्यावर, गुण मोजून दिली जाते. ही एकच अंगठी अशी आहे की जी सर्वस्व हरलेल्याच्या बोटात घातली गेली, आणि कारण एवढेच होते की तो मुलगा होता. अंगणात उभा राहिलेला थोरला भाऊ मात्र हिशेब घेऊन आला होता : इतकी वर्षे सेवा, एकही आज्ञा मोडलेली नाही, आणि त्याबद्दल एक करडूही नाही. त्याचे आकडे अचूक होते. परंतु गुणफलक छातीशी धरून तो बाहेर उभा राहिला, आणि आतून गाण्याबजावण्याचा आवाज येत राहिला.

वाचकहो, आपण कोठे उभे आहोत? दहावीच्या निकालाच्या दिवशी आपल्या मुलास पहिला प्रश्न आपण कोणता विचारतो? पाळकांच्या सभेत अकरा कुटुंबांच्या मंडळीची वीस वर्षे निष्ठेने सेवा करणाऱ्या वृद्ध पाळकास आपण कोठे बसवितो? अंथरुणास खिळलेल्या सासूची सेवा करण्यात जिचे तारुण्य गेले त्या भगिनीचे नाव मंडळीच्या वार्षिक अहवालात कधी आले आहे काय? आणि तुम्ही स्वतः, ज्यांच्या आयुष्याचा चेंडू कड्याला लागून बाहेर पडला, तुम्ही ते पदक कोणत्या खणात लपविले आहे?

एप्रिल २०२३ मध्ये मिलवॉकी संघ, त्या हंगामात सर्वाधिक विजय मिळवूनही, बाद फेरीच्या पहिल्याच पायरीवर हरला. यानिस आंतेतोकुन्पो हे त्याचे प्रमुख खेळाडू. ग्रीसमध्ये वाढलेले, नायजेरियन आईबापांचे पुत्र, आणि २०२१ साली अंगठी मिळविलेले. हा हंगाम वाया गेला असे मानता का, असे एका पत्रकाराने त्यांना विचारले. त्यांच्या उत्तराचा भाव असा होता की, जॉर्डन पंधरा वर्षे खेळले आणि सहा वेळा जिंकले, मग उरलेली नऊ वर्षे वाया गेली काय? प्रत्येक वर्ष ही एक पायरी असते. ज्याच्या बोटात अंगठी आहे त्यानेच हे म्हणावे, ह्यास मोल आहे. परंतु ज्याच्या बोटात जगाची अंगठी कधीच येणार नाही, त्यास पायऱ्यांपेक्षा अधिक काही हवे असते. त्यास वाटेकडे डोळे लावून बसलेला बाप हवा असतो.

सिकंदराबादच्या त्या रविवारी माझा भाचा शेवटी उपासनेस आला. जाताना मी त्यास एकच गोष्ट विचारली, "शेवटचा चेंडू कोणी टाकला होता?" त्याने एका मित्राचे नाव सांगितले. "तो कोठे आहे आता?" तो गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, तो कोणाचा फोन घेत नाही." मी म्हटले, "तर मग आज दुपारी त्याच्या घरी जा. खेळाविषयी बोलू नकोस. नुसता बस त्याच्याजवळ." दुपारी जेवण होताच तो गेला. परतला तेव्हा दिवेलागण झाली होती. मी काही विचारले नाही. रात्री तो खणात वह्यांखाली काहीतरी शोधत होता, आणि माझ्या बहिणीने स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहून डोळे पुसले.

आपण प्रार्थना करू या :

हे स्वर्गीय पित्या, आम्ही खोट्या तागडीने एकमेकांना तोलले, त्याची क्षमा कर. धावण्याचे बळ दे, आणि पडलेल्या सोबत्यासाठी थांबण्याची बुद्धी दे. जे जिंकले त्यांना नम्र कर. जे हरले त्यांना तुझ्या दाराशी आण. आमचे शून्याचे रकाने आम्ही तुझ्यापुढे ठेवतो. तू हिशेब मागण्याआधी आम्हांस लेकरे म्हणतोस, हे आम्हांस कधी विसरू देऊ नकोस. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.